बाबांची पाच एप्रिल आणि माझी

पीपीएफचे, म्हणजे आपल्याकडच्या पंधरा वर्षांच्या सरकारी बचत खात्याचे, पैसे पाच तारखेच्या आत भरले तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं, म्हणून बाबा दर वर्षी एक-दोन एप्रिललाच मिरजेच्या पोस्टात हजर असायचे. इथे इंग्लंडमध्ये पाच एप्रिल हा कर-वर्षाचा शेवटचा दिवस. गेल्या मार्चमध्ये तो तोंडावर आला असताना मी एक चूक केली, ती अजून मनातून जात नाही.

कॅश आयसा हे इथलं करमुक्त बचत खातं. वर्षाला 20 हजार पौंडांपर्यंत भरता येतात, व्याजावर कर नाही, विवरणपत्रात दाखवायचंही नाही. पंधरा वर्षं अडकून पडायची अट नाही, हे मला फार आवडतं.

पण व्याजदर! माझ्या जुन्या खात्यात 9,000 पौंड होते, दर 4.6 टक्के. त्यातला मोठा भाग पहिल्या बारा महिन्यांपुरता 'बोनस' होता. वर्ष उलटलं आणि दर 1.8 वर आला. वर्षाला 414 पौंड मिळायचे तिथे 162. बँकेने ईमेल पाठवला होता, पण तो तीन पानांचा, आणि नवा दर तिसऱ्या पानावर. म्हणजे नव्या गिऱ्हाईकाला जावयाचा मान आणि जुन्याने गप्प बसायचं. आपल्याकडे मुदत ठेवीच्या पावतीवर दर छापलेला असतो आणि मुदत संपेपर्यंत तो हलत नाही. ठरावीक दराचे आयसा इथेही आहेत, मुदतीआधी मोडले तर काही महिन्यांचं व्याज कापतात, हे मान्य. तरी मला राग आला तो आलाच.

त्या रागात मी पैसे जुन्या आयसातून माझ्या चालू खात्यात काढले आणि दुसऱ्या बँकेत नवा आयसा उघडायला बसले. त्या वर्षाचे 14 हजार मी आधीच दुसऱ्या एका आयसात भरले होते, म्हणजे जागा उरली होती सहा हजारांची. एकदा बाहेर काढलेले पैसे परत आत न्यायचे तर ते नवी भरणा म्हणूनच धरले जातात. जुनं खातं 'फ्लेक्सिबल' असतं तर त्याच वर्षात त्यात परत ठेवता आले असते, पण ते तसं नव्हतं. तीन हजार बाहेरच राहिले.

शाखेतल्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासाठी अर्धा तास दिला. त्यांनी कागदावर बाण काढून दाखवलं: पैशाला हात लावायचा नाही, नव्या बँकेचा ट्रान्सफर फॉर्म भरायचा, मग त्या दोघी बँका आपसात बघून घेतात. कॅश आयसातून कॅश आयसात जायला जास्तीत जास्त 15 कामाचे दिवस. मागच्या वर्षांचे पैसे असे हलवले तर ते 20 हजारांत धरत नाहीत. सगळ्याच बँका बाहेरून येणारा आयसा घेत नाहीत, तेवढं आधी विचारायचं.

बाबांनी पीपीएफ पोस्टातून बँकेत हलवलं तेही असंच, रोख हातात न घेता. पण तिथे अर्ज जुन्या ठिकाणी करायचा असतो, इथे नव्या. आणि पीपीएफमधून काही ठरावीक कारणं सोडली तर असं मध्येच सगळं काढता येत नाही, त्यामुळे माझ्यासारखी रागाच्या भरात चूक करायची मुभाच तिथे कोणाला नाही. नवरा म्हणाला, मूळ दराने कर भरणाऱ्याला एरवीही वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त असतं, एवढं काय मनाला लावून घेतेस. पण पगार वाढून वरच्या टप्प्यात गेलं की ती सूट 500 वर येते. शिवाय 2027च्या एप्रिलपासून 65 वर्षांखालच्यांना कॅश आयसात वर्षाला 12 हजारच भरता येणार, असं जाहीर झालं आहे. मिळालेली जागा मी हातची घालवली, हे मला लागतंच.

आता मी बाबांसारखी लांबट वही केली आहे. 2024च्या एप्रिलपासून एकाच वर्षात कितीही कॅश आयसात पैसे भरता येतात, पण एका बँकेला दुसरीचं ठाऊक नसतं, बेरीज आपणच ठेवायची. प्रत्येक खात्याला एक पान: कर-वर्ष, भरणा, फॉर्म दिल्याची तारीख, पैसे पोचल्याची तारीख. बोनस संपायची तारीख लाल शाईने. पहिल्या पानावर 14 नोव्हेंबर आहे. त्याआधी चार आठवडे, 17 ऑक्टोबरला, मी नवा फॉर्म भरणार आहे.