तुम्ही विचारलंत म्हणून: "नीट जेवलीस तर जाईल ना हे?"

डिप्रेशन आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. पूर्वी मी एका वाक्यात उडवून लावायचे, "खाण्याचा काही संबंध नाही." तेव्हाच्या मला आजही मी बोल लावणार नाही. प्रश्नाच्या पोटात आरोप असला की उत्तर असंच तुटक येतं. पण संबंध आहे. मला तो पायाच्या अंगठ्याने दाखवला.

भूक आजारानेच नेली होती. तोंडात घास घोळतोय, गिळायचं सुचत नाहीये आणि समोरचं माणूस काळजीने घास मोजतंय. याला नखरे म्हणणाऱ्यांना समजावणं मी सोडलंय.

एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं, "पायांना मुंग्या येतात?" येत होत्या. पण जिथे उठून बसणंच जड, तिथे मुंग्यांची तक्रार कोण करणार? त्यांनी खणातून ट्यूनिंग फोर्क काढला (शाळेत नादकाटा म्हणायचो तोच), ठोकला आणि दांडा माझ्या अंगठ्यावर टेकवला. "कंप कळतोय?" मला वाटलं, बाई ठोकायच्या विसरल्या. मग तोच मनगटाच्या हाडावर टेकवला, तर झणझणलं. पुन्हा अंगठ्यावर. काहीच नाही. उभं राहून डोळे मिटायला सांगितलं, तशी मी तोल जाऊन झुकले आणि त्यांनी दंड धरला. मला रडू आलं, पण ते सुटल्यासारखं रडू होतं. इतके दिवस सगळे म्हणत होते, मनाचे खेळ आहेत. आता निदान एक गोष्ट दुसऱ्या कुणालातरी दिसली होती.

मग रक्त तपासलं. नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व रक्तात मिलिलिटरमागे साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं की कमी धरतात. माझं त्याच्याही बरंच खाली होतं. घरी जल्लोष! "बघ, आम्ही सांगतच होतो."

नाही, तुम्ही हे सांगत नव्हतात. बी-१२चा साठा यकृतात काही वर्षं पुरेल एवढा असतो, काही महिने जेवण टाळून तो संपत नाही. माझ्या पोटात ते शोषलंच जात नव्हतं. ताट चाटूनपुसून खाल्लं असतं तरी हेच झालं असतं. म्हणून इंजेक्शनं.

मुंग्या गेल्या. पान उलटेपर्यंत आधीचं विसरायचे, तेही कमी झालं. पहाटेचा तो काळाकुट्ट तास मात्र राहिला, त्यासाठी गोळ्या. त्यातल्या मिर्टाझापिनने भूक खवळते. वजन वाढलं, तर तीच मंडळी म्हणाली, "जरा तोंडावर ताबा ठेव." आता बोला.

अन्न काढून घेतलं तर धडधाकट मनही ढासळतं, यात मला शंका नाही. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. उदासी, चिडचिड आणि दिवसरात्र अन्नाचाच ध्यास. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडली. पण म्हणून अन्न घातलं की प्रत्येकाचं मन सावरतं? 2017 च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत आहार सुधारलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांचं नैराश्य ओसरलं. माझ्यातली जुनी 'ती' लगेच म्हणते, "माणसं फक्त 67, बहुतेकांचे उपचार चालूच होते आणि आपल्याला आहार मिळतोय हे त्यांना ठाऊक होतं." तिचंही बरोबर आहे. 2019 च्या युरोपातल्या चाचणीत हजारावर लोकांनी वर्षभर जीवनसत्त्वं वगैरेंच्या गोळ्या घेतल्या किंवा नुसत्याच दिसायला तशा. नैराश्य टळण्यात फरक पडला नाही.

मागच्या तपासणीत माझं बी-१२ उत्तम आलं, आणि तो महिना वाईट गेला. त्याआधी एक इंजेक्शन लांबलं होतं, तेव्हाचाही वाईटच गेला होता. कशामुळे काय, असं डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणतात, दोन्ही चालू ठेवा. ठेवलंय.