केमिकल प्लान्टमध्ये लीन आणताना कात्री नक्की कुठे चालवायची

सध्या आमच्या एमआयडीसीत लीनची, म्हणजे फुकट जाणारा वेळ, माल आणि खर्च छाटायच्या पद्धतीची, लाट आलीय. दर दुसऱ्या कंपनीच्या गेटवर फाइव्ह एसचा (जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचा) बोर्ड, कॅन्टीनच्या भिंतीवर कायझेनचे (कामगारांनी केलेल्या छोट्या सुधारणांचे) फोटो आणि कॉन्फरन्स रूममध्ये चाकणच्या ऑटो लाईनवर अर्धं आयुष्य काढलेला कन्सल्टंट. माणूस हुशार असतो, मनापासून शिकवतो, पण त्याच्या लाईनवर चुकलं तर बंपर रिजेक्ट होतो आणि आमच्याकडे चुकलं तर शेजारचं गाव रिकामं करावं लागतं, आणि हा फरक त्याच्या एकाही स्लाईडवर नसतो. मला लीन आवडतं हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील प्रोसेसवाल्यांना बदलच नको असतो. धोक्याच्या इंडस्ट्रीत ते नीट समजून केलं तर ते सेफ्टीचंच काम आहे. फक्त काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरलं पाहिजे.

यासाठी भोपाळसारखं दुसरं उदाहरण नाही. तिथे लीन वगैरे कोणी करत नव्हतं, तो शब्दच तेव्हा प्रचारात नव्हता, प्लान्ट तोट्यात होता आणि खर्च कापणं चालू होतं एवढंच. पण काय काय कापलं ते बघा. जून १९८४ मध्ये एमआयसीच्या (मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या) टाक्या थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन युनिट बंद केलं, म्हणजे जे शून्य डिग्रीच्या आसपास ठेवायचं ते बाहेरच्या हवेच्या तापमानाला राहू लागलं. एमआयसी युनिटवरची माणसं बारावरून सहावर आणली. फ्लेअरकडे (नको असलेला गॅस जाळून टाकणाऱ्या चिमणीकडे) जाणाऱ्या लाईनचा गंजलेला तुकडा काढलेला आणि नवीन बसवलेलाच नाही. व्हेंट गॅस स्क्रबर, म्हणजे बाहेर पडणारा विषारी गॅस धुऊन काढणारं यंत्र, स्टँडबायला टाकलेला. आणि एवढं सगळं कापून झाल्यावर ६१० नंबरच्या टाकीत सुमारे ४० टन एमआयसी तसंच पडून होतं, ते पण ऑक्टोबरपासून एमआयसी बनवणं बंद असताना! इमर्जन्सीत माल वळवायला ६१९ नंबरची टाकी रिकामी ठेवायची असते, तिच्यातही एमआयसी होतंच. २ डिसेंबरच्या रात्री ६१० मध्ये पाणी शिरलं आणि पुढचं सगळ्यांना माहिती आहे.

म्हणजे कुठलाही लीनवाला सगळ्यात आधी ज्याच्यावर बोट ठेवेल तो साठा, त्याला कोणी हात लावला नाही, आणि ज्याला हात लावायचा नव्हता ते सगळं छाटलं. एमआयसी काही तिथे विकायचा माल नव्हता, सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनवताना मधल्या स्टेपला तयार होणारा पदार्थ तो, साठवायचा तो सोय म्हणून. पुढे ड्युपॉन्टने टेक्सासमध्ये एमआयसी बनवून तिथल्या तिथे पुढच्या रिॲक्शनला वापरून टाकायची प्रोसेस बसवली, म्हणजे ते जमण्यासारखं होतं. आयसीआय या ब्रिटिश केमिकल कंपनीतले सेफ्टीवाले ट्रेव्हर क्लेट्झ तर भोपाळच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकातच सांगत होते की जे तुमच्याकडे नाहीच ते गळणार कसं. लीन ज्यांच्या कामातून आलं ते टोयोटाचे ताइची ओनो पैसे अडकतात म्हणून साठ्याच्या मागे लागले, क्लेट्झ माणसं मरतात म्हणून लागले, पण दोघांचं बोट एकाच टाकीवर. (स्क्रबर चालू असता तरी एवढा गॅस त्याला झेपला नसता असं तज्ज्ञ म्हणतात आणि ते पटतं. म्हणून तर साठा आधी कमी करायचा.)

पण साठा कमी करा हे सुद्धा डोळे झाकून करायचं काम नाही. आमच्या भागात नेहमीचं उदाहरण क्लोरीनचं. एका टोनरमध्ये (मोठ्या आडव्या सिलिंडरमध्ये) ९०० किलो येतो, आणि १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत क्लोरीनची खालची मर्यादा १० टन आहे, तेवढ्या साठ्यापासून जास्त अटी लागतात, त्यामुळे काही ठिकाणी बरोब्बर अकराच टोनर उभे दिसतात, हिशोब तुम्हीच करा. ठीक आहे, कमी क्लोरीन म्हणजे कमी धोका. पण वापर तेवढाच राहिला आणि साठा कमी केला तर ट्रक जास्त वेळा येणार, तोही घाटातून, उतरवणं-चढवणं वाढणार. आणि समजा टोनरच लहान घेतला तर जोडणं-सोडणं वाढणार, आणि क्लोरीन बहुतेक वेळा गळतो तो जोडतानाच, जुनाच लेड वॉशर परत लावला, योक (जोडणी घट्ट धरणारा क्लॅम्प) नीट बसला नाही, असल्या गोष्टींनी. म्हणजे धोका टाकीतून निघून रस्त्यावर आणि फिटरच्या हातात गेला. खरा लीनवाला इथे विचारेल की मुळात क्लोरीन लागतो कशाला, कूलिंग टॉवरच्या पाण्यालाच लागत असेल तर हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) चालेल की. हा प्रश्न पर्चेसवाल्यांना आवडत नाही ही वेगळी गोष्ट.

आता दुसरी बाजू, कशाला हात लावायचा नाही. व्हॅल्यू स्ट्रीम मॅप, म्हणजे कुठली गोष्ट मालात भर घालते आणि कुठली नाही याचा नकाशा, काढायला बसलात की स्क्रबर, रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट देणारी चकती), डिझेल फायर पंप, डंप टँक (इमर्जन्सीत माल ओतायची रिकामी टाकी) ही सगळी मंडळी लाल रंगात येतात, कारण चांगल्या वर्षात ती काहीच करत नाहीत. युटिलायझेशन शून्य. गाडीची स्टेपनी पण वर्षभर काही करत नाही, म्हणून कोणी विकत नाही. मशीनच्या बाबतीत हे लोकांना पटतं तरी, माणसांच्या बाबतीत अजिबात पटत नाही. रात्रपाळीला दुसरा पॅनेल ऑपरेटर (कंट्रोल रूममधून प्लान्ट चालवणारा) नुसता बसलेला दिसला की मॅनेजमेंटला खुपतो. अरे तो बसलेला आहे म्हणजे प्लान्ट शांत आहे, त्याचं काम गडबड झाल्यावर सुरू होतं आणि तेव्हा ते एका माणसाचं काम नसतं.

बीपी या तेल कंपनीच्या अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत हेच झालं. २३ मार्च २००५, आयसोमरायझेशन (पेट्रोलची प्रत वाढवणाऱ्या) युनिटचं स्टार्टअप चालू होतं. टॉवरमध्ये फीड जातोय, बाहेर काढायचा व्हॉल्व्ह बंद, लेव्हल ट्रान्समीटर दाखवतोय की लेव्हल हळूहळू उतरतेय, प्रत्यक्षात टॉवर भरत चाललेला, हाय लेव्हलचा वेगळा अलार्म होता तो वाजलाच नाही. शेवटी लिक्विड ब्लोडाऊन स्टॅकच्या (जादा माल सोडायच्या उंच नळकांड्याच्या) तोंडातून बाहेर उडालं, त्या स्टॅकला फ्लेअर नव्हता, आणि स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली, आणि गेलेले सगळे कंत्राटी, जवळच्या ट्रेलरमध्ये किंवा आसपास असलेले. पॅनेलवर एकच ऑपरेटर तीन युनिट्स सांभाळत होता, पूर्वी तिथे दोघं असायचे, दुसरी जागा खर्च कमी करताना गेली. १९९९ मध्ये वरून फर्मान होतं, फिक्स कॉस्ट २५ टक्के कमी करा. आणि तो जो एकटा उरला तो सलग २९ दिवस बारा-बारा तास काम करत होता. आता त्या दुसऱ्या ऑपरेटरचा पगार कुठल्या एक्सेलमध्ये सेव्हिंग म्हणून दाखवला असेल बघा.

टेक्सास सिटीवरून अजून एक गोष्ट, थांबवण्याची आणि परत चालू करण्याची. साकिची तोयोदांच्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, इचलकरंजीच्या ऑटो लूमवाल्यांना हे समजावायला नको, आणि त्यातूनच पुढे टोयोटाची ती दोरी आली, कुठलाही कामगार ओढू शकतो, लाईन थांबते. फार मोठी गोष्ट आहे ही आणि आमच्याकडे हवीच आहे. फक्त कारची लाईन थांबली की थांबली. आमचा रिॲक्टर थांबवला तरी आत रिॲक्शन चालूच असते, आणि घाबरून कोणी मेन स्विच पाडला तर स्टरर (आतला माल ढवळणारा) बंद, कूलिंग बंद, मग तर अजूनच भडकतो. शिवाय थांबवलेला प्लान्ट परत चालू करणं हाच सगळ्यात नाजूक काळ, टेक्सास सिटीतही स्टार्टअपच चालू होतं. म्हणून आमच्याकडे दोरी ओढायची म्हणजे नक्की काय हे बॅचच्या प्रत्येक स्टेपला आधी लिहून ठेवावं लागतं, फीड बंद, कूलिंग फुल, स्टरर चालूच, इथे थांब आणि इनचार्जला बोलव. आणि ते करणारा कंत्राटी पोरगा असला तरी दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास अडकता कामा नये. हे दुसरं जास्त अवघड आहे.

कायझेनचंही तसंच. छोटा बदल, लगेच करा, परफेक्ट व्हायची वाट बघू नका, हे ट्रेनिंगमध्ये ऐकायला मस्त वाटतं. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला नायलॉनचा कच्चा माल बनवायचा प्लान्ट होता, ओळीने सहा रिॲक्टर, आत गरम सायक्लोहेक्झेन, म्हणजे चटकन पेट घेणारं द्रव. १९७४ मध्ये पाच नंबरला तडा गेला. प्रोडक्शन थांबू नये म्हणून तो काढला आणि चार नंबर ते सहा नंबर एक बायपास पाईप टाकला. रिॲक्टरची तोंडं २८ इंची, पाईप मिळाला २० इंची, दोन रिॲक्टरची उंची वेगळी म्हणून पाईपला बाक, दोन्ही टोकांना बेलोज (लवचिक सांधे), खाली आधाराला स्कॅफोल्डिंग. ड्रॉइंग म्हणाल तर वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं, तेवढंच. वर्क्स इंजिनिअरची जागा रिकामी होती. मनापासून सांगतो, आपल्याकडच्या कुठल्याही कायझेन स्पर्धेत याला पहिलं बक्षीस मिळालं असतं, कमी वेळ, कमी खर्च, टीमवर्क. दोन महिने चाललं पण ते. १ जूनला फुटलं, २८ जण गेले, आणि शनिवार होता म्हणून एवढेच, ऑफिसं रिकामी होती.

म्हणून माझं म्हणणं, कायझेनचे दोन गठ्ठे करा. टूल बोर्ड, लेबल, चालायचं अंतर, सॅम्पल बाटल्यांचा रॅक, हे ऑपरेटरने आजच्या आज करावं, कोणाला विचारू नये. पण पाईप, गॅस्केटचं मटेरियल, व्हॉल्व्ह, सेटपॉइंट, चार्जिंगचा क्रम, यातलं काहीही हललं की तो चेंज मॅनेजमेंटचा (बदलाआधी तपासणी आणि मंजुरीचा) फॉर्म, मग भले आठवडा लागो. आणि माणशी महिन्याला इतके कायझेन असं टार्गेट तर देऊच नका, लोक झाडूला हुक लावून फोटो पाठवतात आणि गळणाऱ्या ग्लँडबद्दल कोणी लिहीत नाही.

आकड्यांचं तर विचारूच नका. टेक्सास सिटीत ते ट्रेलरमधले लोक त्याच दुपारी जेवून आले होते, ते जेवण होतं अपघाताशिवाय महिना काढला म्हणून. गेटवरच्या बोर्डवर 'अपघातविरहित दिवस' लिहिलेले असतात ते बोट कापण्या-घसरण्याचे, टॉवरमधल्या लेव्हलशी त्यांचा काही संबंध नाही. आमच्या शिफ्टच्या बोर्डवर आता वेगळे आकडे लिहितो, किती इंटरलॉक (धोका दिसला की आपोआप प्लान्ट थांबवणारी यंत्रणा) बायपास, म्हणजे तात्पुरते निकामी, आहेत, किती दिवसांपासून, कुठल्या सेफ्टी व्हॉल्व्हचं टेस्टिंग लांबलंय. सुरुवातीला बायपासचा आकडा धडाधड वाढला आणि वरून फोन की हे काय चाललंय. चाललंय काही नाही, आधी गुपचूप मारलेले जंपर (इंटरलॉक टाळायला लावलेली वायर) लोक आता लिहायला लागलेत, एवढं समजवण्यात अख्खी मीटिंग गेली. सध्या वाद आहे तो मुदतीचा. सेफ्टीवाले म्हणतात बायपासची सही २४ तासांनी परत घ्यायची, रात्रपाळीवाले म्हणतात पहाटे चारला मुदत संपली तर सही कोणाची घ्यायची, प्लान्ट हेड तर फोन उचलत नाही. रात्रपाळीवाल्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं, मुदत जनरल शिफ्टमध्येच संपेल अशी ठेवायला हवी.