मेल-संग्रह, नोंद तिसरी : पाचशे नंबरचा मालक

मागच्या नोंदीत बाबांच्या जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क काढून यूएसबी डॉकला लावली, तिथवर आलो होतो. त्यानंतरचे तीन शनिवार-रविवार ते मेल नव्या लॅपटॉपवर आणण्यात गेले. कॉपी करायला तास-दीड तास पुरला. बाकी सगळा वेळ ‘परमिशन डिनाइड’ने, म्हणजे ‘परवानगी नाही’ या एररने खाल्ला, म्हणून ही नोंद त्याच्याबद्दलच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी एवढं सांगतो, की ही डिस्क इतकी जपायचं कारण काय. बाबांचे २००३ ते २०१४ चे मेल पॉप या पद्धतीने, म्हणजे सर्व्हरवरून मशीनवर उतरवलेले आहेत. मेलबॉक्सची जागा तोकडी असायची, म्हणून मेल मशीनवर आला की सर्व्हरवरून पुसला जायचा. म्हणजे मस्कतच्या काकांचे सगळे मेल, ताईच्या लग्नाच्या वेळची पत्रापत्री, गावच्या जमिनीचे कागद, सगळ्याची एकच प्रत, आणि ती या डिस्कवर.

शनिवार पहिला

जुन्या मशीनवर फेडोरा १४ होती, नव्या लॅपटॉपवर उबंटू २४.०४ आहे; दोन्ही लिनक्सच. डिस्क फक्त वाचण्यापुरती (रीड-ओन्ली) माउंट केली, म्हणजे मशीनला उघडायला दिली, आणि सोबत ‘नोलोड’ हा पर्याय दिला. तो का, हे सांगायला हवं. एक्स्ट-फोर या लिनक्सच्या मांडणीची डिस्क रीड-ओन्ली माउंट केली, तरी आधीचं मशीन नीट बंद झालेलं नसेल तर माउंट होता होताच ती अर्धवट राहिलेलं जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची नोंदवही, पूर्ण करून घेते, म्हणजेच डिस्कवर लिहिते. एकुलती एक प्रत असताना एवढंसुद्धा नको.

बाबांचं होम फोल्डर उघडायला गेलो आणि पहिलीच ओळ : परमिशन डिनाइड. सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याचे हक्क घेऊन यादी काढली, तर मालकाच्या रकान्यात बाबांचं नावच नव्हतं. तिथे नुसता आकडा होता, ५००. गटाच्या रकान्यातही ५००.

सगळी गोम इथेच आहे. फाइलचा मालक कोण हे डिस्कवर नावाने लिहिलेलं नसतं. आयनोडमध्ये, म्हणजे फाइलच्या माहितीच्या नोंदीत, फक्त यूआयडी हा वापरकर्त्याचा नंबर असतो, आणि त्या नंबराचं नाव काय हे ज्या मशीनवर डिस्क लावली आहे ते मशीन आपल्या यादीत बघून सांगतं. फेडोरा पहिल्या वापरकर्त्याला ५०० नंबर द्यायची. २०११ साली आलेल्या फेडोरा १६ पासून सुरुवात १००० वर गेली. डेबियन आणि उबंटूत ती आधीपासूनच १००० होती. नव्या लॅपटॉपवर माझा नंबर १०००, आणि ५०० नंबरचा माणूसच तिथे नाही. परमिशन तीन आकड्यांत लिहितात : मालक, गट आणि बाकीचे; वाचण्याचे (आर) ४, लिहिण्याचे (डब्ल्यू) २, चालवण्याचा किंवा आत जाण्याचा (एक्स) १, यांची बेरीज. बाबांच्या फोल्डरला ७००, म्हणजे मालक सोडून कुणालाही दार बंद. त्यामुळे लॅपटॉपने मला अडवलं ते बरोबरच होतं.

बरेच जण इथे सरळ ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देऊन मोकळे होतात. मी तसं करत नाही, आणि तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं. बाबांचे मेल ज्या थंडरबर्ड प्रोग्राममध्ये होते, त्याच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे माहितीच्या फोल्डरात, नुसते मेल नसतात, साठवलेले पासवर्डही त्याच फोल्डरात असतात. शिवाय जुन्या डिस्कवर परमिशन बदलल्या की मूळ मांडणी काय होती याचा पुरावाच जातो.

याच्या उलटी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. ताईची जुनी उबंटूची डिस्क मी मागच्या वर्षी याच डॉकला लावली होती. तिच्या मशीनवर तिचा नंबर १०००, माझ्याकडे माझा १०००. लॅपटॉपने एका शब्दाने अडवलं नाही, तिचं सगळं प्रोफाइल माझ्याच नावावर दिसत होतं. लोक एरर आला की परमिशनचा विचार करतात. पण एरर न येता उघडलेली डिस्कसुद्धा तितकीच तपासायला हवी. मी तेव्हा तिला फोन करून विचारलं आणि मगच पुढे गेलो.

रविवार पहिला

दोन प्रती केल्या. पहिली सुडोने आरसिंक ही कॉपीची आज्ञा चालवून, जुने नंबर तसेच ठेवून. तिला हात लावायचा नाही. दुसरी कामाची, तिचा मालक चोन ही मालक बदलण्याची आज्ञा वापरून १००० केला. प्रत्येक फाइलचा शा-२५६ बेरीज-आकडा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, मूळ डिस्कवर आणि दोन्ही प्रतींवर काढून ताडून पाहिला. परमिशन आणि मालक आयनोडमध्ये असतात, फाइलच्या मजकुरात नसतात. त्यामुळे कितीही चोन किंवा चमॉड (परमिशन बदलण्याची आज्ञा) केलं तरी हा आकडा बदलता कामा नये, आणि बदलला नाही.

मग माझ्याकडून एक चूक झाली. ती सविस्तर लिहितो, कारण या कामात ती कुणाकडूनही होऊ शकते. मेलच्या फाइलला ६०० पुरे, म्हणून सगळ्या कामाच्या प्रतीवर एकदम चमॉड ६०० चालवलं. पुढच्या क्षणी यादी काढली तर फाइलींची नावं दिसत होती, पण आकार, तारीख, मालक या सगळ्या रकान्यांत ओळीने प्रश्नचिन्हं. इनबॉक्स, सेंट, काकांच्या नावाचं फोल्डर, सगळ्यांपुढे प्रश्नचिन्हं. छातीत धस्स झालं.

डेटा जागेवरच होता. फोल्डरच्या बाबतीत ‘आर’चा अर्थ आतली नावं वाचता येणं, आणि ‘एक्स’चा अर्थ आत पाऊल ठेवता येणं. ६०० मध्ये आर आहे, एक्स नाही. म्हणून दारावरची पाटी वाचता येत होती, आत जाता येत नव्हतं. फाइलींना ६०० आणि फोल्डरांना ७०० असं वेगवेगळं द्यावं लागतं. फाइंड ही शोधण्याची आज्ञा वापरून आधी फक्त फोल्डर निवडून ७०० दिलं, आणि प्रश्नचिन्हं गेली.

चमॉडमध्ये मोठ्या लिपीतला एक्स द्यायचीही सोय आहे. तो फोल्डरांना एक्स देतो आणि साध्या फाइलींना वगळतो. मात्र ज्या फाइलीला आधीच कुणासाठी तरी एक्स लागलेला आहे, तिलाही तो एक्स देतो. पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलींवर कधी कधी ७७७ असतं, तिथे मोठा एक्स उपयोगाचा नाही. मी आता दर वेळी फाइंडच वापरतो.

शनिवार दुसरा : थंडरबर्ड

परमिशन नीट झाल्या. प्रोफाइल जोडायच्या भानगडीत न पडता फक्त मेलच्या फाइली घेतल्या आणि ‘लोकल फोल्डर्स’ची जागा त्या फोल्डरकडे वळवली. थंडरबर्डने संदेश दिला, की इनबॉक्सची समरी फाइल उघडता येत नाही, कदाचित डिस्कवर चूक असेल किंवा पाथ फार लांब असेल.

या संदेशाने अनेकांना डिस्क बदलायला लावली असेल. समरी फाइल म्हणजे एमएसएफ शेपटीची फाइल. ती नुसती सूची असते, खरे मेल तिच्या शेजारच्या, शेपटी नसलेल्या एमबॉक्स फाइलीत असतात. थंडरबर्डला सूची लिहिता आली नाही की हाच संदेश येतो, मग कारण काहीही असो. सगळ्या एमएसएफ फाइली मी पुसल्या, कारण त्या पुन्हा तयार होतात. संदेश तोच.

तेव्हा नेमआय कामाला आलं. ही छोटी आज्ञा लिनक्सवर बहुतेक ठिकाणी आधीपासून असते, तरी फार कुणी वापरताना दिसत नाही. मायनस एल देऊन तिला फाइलचा पूर्ण पाथ द्यायचा, मग मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीची परमिशन आणि मालक ती एकाखाली एक लिहून देते. फाइलला सगळे हक्क असले आणि वरच्या एखाद्या फोल्डरला एक्स नसला तरी परमिशन डिनाइड येतं, आणि आपण उगाच फाइलीवरच डोकं आपटत बसतो. माझ्या यादीत मात्र सगळ्या पायऱ्या चोख होत्या.

मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा लॉग उघडला. तिथे एपआर्मर या प्रोग्रामांना बंधनं घालणाऱ्या यंत्रणेची ‘डिनाइड’ अशी ओळ होती. उबंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप म्हणून, म्हणजे बंदिस्त पॅकेज म्हणून येतो, आणि स्नॅपला होम फोल्डरातल्या टिंबाने सुरू होणाऱ्या, म्हणजे लपवलेल्या फोल्डरांना हात लावता येत नाही. मी नीटनेटकेपणा म्हणून संग्रहाच्या फोल्डरचं नाव टिंबाने सुरू केलं होतं. चमॉड, चोन यांचा इथे काही संबंधच नव्हता. टिंब काढलं, जागा पुन्हा दाखवली आणि फोल्डर एकेक करून भरू लागले. स्नॅपमधल्या थंडरबर्डचं स्वतःचं प्रोफाइलही होममधल्या ‘स्नॅप’ फोल्डरात असतं, नेहमीच्या जागी शोधत बसू नका.

एक सूचना. अशा वेळी काहीच उघडेना म्हणून थंडरबर्ड सुडोने चालवू नका. तो उघडेलही, पण रूटच्या मालकीच्या फाइली प्रोफाइलमध्ये टाकून जाईल, आणि दुसऱ्या दिवशी तुमचं चालू प्रोफाइलही अडेल.

रविवार दुसरा : सीड्या

बाबांनी २००६-०७ च्या सुमारास एक्सपीवरच्या थंडरबर्डचं फोल्डर तीन सीड्यांवर उतरवलं होतं. वर निळ्या मार्करने त्यांच्या वळणदार अक्षरात ‘पत्रव्यवहार १’, ‘२’, ‘३’. पहिल्या दोन सुरळीत वाचल्या गेल्या. पण सीडीवरचं सगळं रीड-ओन्ली, आणि कॉपी करताना मी परमिशन जशाच्या तशा ठेवायला सांगितलं होतं. त्यामुळे फाइलींवर लिहिण्याचा हक्क नाही आणि फोल्डरांना ५५५. एक नको असलेली फाइल पुसायला गेलो तर परमिशन डिनाइड. फाइल माझी, फोल्डर माझं, तरी नाही.

फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरच्या ‘डब्ल्यू’वर, म्हणजे लिहिण्याच्या हक्कावर असतो. पुसणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून एक नाव खोडणं. फोल्डरांना ७०० आणि फाइलींना ६०० दिल्यावर काम झालं.

शनिवार तिसरा : माझं मेलडिर

माझे स्वतःचे मेल डव्हकॉट या मेल सर्व्हरवर, मेलडिर पद्धतीत आहेत. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या आपल्या मेल सर्व्हरसाठी ही पद्धत काढली. हिच्यात एकेका मेलची वेगळी फाइल, आणि मेल वाचला, उत्तर दिलं, खूण केली, हे सगळं फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. विसर्ग-चिन्हासारखी दोन टिंबं, मग २, स्वल्पविराम आणि अक्षरं : वाचलेल्याला एस, उत्तर दिलेल्याला आर, खुणेला एफ.

ते एक्सफॅट मांडणीच्या पोर्टेबल डिस्कवरून न्यायला गेलो आणि दोन तऱ्हेचे एरर आले. आरसिंक गट बदलताना म्हणाला, ऑपरेशन नॉट परमिटेड. आणि फाइलींवर म्हणाला, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. हे शब्द नीट वाचायला हवेत. परमिशन डिनाइड म्हणजे बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी हक्क कमी आहे. ऑपरेशन नॉट परमिटेड म्हणजे बहुतेक वेळा ही क्रियाच तुम्हाला किंवा इथे करता येत नाही. एक्सफॅटवर युनिक्सचा मालक-गट साठवायला जागाच नाही, तिथे चमॉड-चोन करून काही मिळत नाही. आणि इनव्हॅलिड आर्ग्युमेंट हा परमिशनचा एरर नव्हेच, एक्सफॅटला नावात ती दोन टिंबं चालत नाहीत. ती बदलून घेतली तर खुणा जातात आणि वर्षानुवर्षांचे मेल न वाचलेले दिसायला लागतात.

उपाय जुनाच. टार या आज्ञेने सगळं एका फाइलीत बांधलं, ती डिस्कवर ठेवली, दुसऱ्या मशीनवर सोडली. नावं, परमिशन, तारखा सगळं आत सुखरूप. डिस्क फॅट-३२ ची असेल तर एका फाइलला चार जीबीची मर्यादा आहे, टारचे तुकडे करावे लागतील.

पलीकडे रूटने सोडल्यामुळे मालक पुन्हा चुकला, पण डव्हकॉटच्या लॉगबद्दल मला खरंच आदर आहे. तो नुसतं ‘परमिशन डिनाइड’ म्हणून गप्प बसत नाही. कोणत्या नंबराने आत जायचा प्रयत्न झाला, कोणत्या फोल्डरवर कोणता हक्क कमी पडला, त्याचा मालक कोण आणि मोड काय, हे एका ओळीत लिहितो. एक चोन, आणि पाच मिनिटांत काम संपलं.

विंडोजवाल्यांनी विचारलं होतं म्हणून थोडक्यात. एनटीएफएस या विंडोजच्या डिस्क-मांडणीवरही गोष्ट तीच आहे, फक्त मालकाचा नंबर लांबलचक आहे. त्याला एसआयडी म्हणतात, आणि दोन मशीनवर नाव सारखं असलं तरी तो वेगळा असतो. जुन्या डिस्कवरचं फोल्डर अडलं तर आधी टेकओन या आज्ञेने मालकी घ्या, मग आयकॅक्ल्सने हक्क द्या. नुसती मालकी घेऊन भागत नाही. आणि हे कॉपीवर करा.

सध्याची स्थिती

एमबॉक्समध्ये प्रत्येक मेल ‘फ्रॉम’ आणि त्यापुढे मोकळी जागा, अशा ओळीने सुरू होतो. ग्रेप या मजकूर शोधण्याच्या आज्ञेने त्या ओळी मूळ डिस्कवरही मोजल्या आणि नव्या प्रतीतही. इनबॉक्स, सेंट आणि बाबांनी बनवलेली एकवीस फोल्डरं, सगळे आकडे जुळले. लॅपटॉप बाबांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी शोधच्या चौकटीत काकांचं नाव टाकलं आणि पहिल्यांदा अक्षर मोठं करून मागितलं. मग जेवायची हाक आली तरी उठले नाहीत.

‘पत्रव्यवहार ३’ सीडीला मात्र बाहेरच्या कडेला ओरखडा आहे. ती जीएनयू डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधून डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामवर लावली आहे. काल रात्रीपासून तेच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचतोय, कुठवर वाचून झालं याच्या नकाशाची फाइल वेगळी ठेवली आहे, म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तिथूनच पुढे चालू करता येईल. कुणाकडे जुना, चालू असलेला सीडी-रायटर पडून असेल तर मला थोड्या दिवसांसाठी हवा आहे.