आमची वाटचाल: मिनिव्हॅन, लाल माती आणि फेस्क्यू

लॉनचा धंदा करायला काही अमेरिकेत आलो नव्हतो. २०१४ ला आयटीतला जॉब गेला, नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला घर घेऊन बसलेलो, मग शेजाऱ्याचं गवत काप, त्याच्या मित्राचं काप असं करत जुनी मिनिव्हॅन, एक सेकंडहँड मोवर आणि बायकोची एक्सेल शीट एवढ्यावर सुरू झालं. गाव फलटणकडचं, वडील शेतकरी, त्यामुळे वाटलं गवतच तर आहे, त्यात काय शिकायचंय.

तिथंच आपटलो. २०१५ च्या एप्रिलमध्ये चार घरांना टॉल फेस्क्यू, म्हणजे थंडीत वाढणारं लॉनचं गवत, पेरून दिलं, मे मध्ये असलं हिरवंगार की लोक गाडी थांबवून नंबर मागायचे, त्या खुशीत मी मेअखेर परत नायट्रोजन मारला. जूनमध्ये हवा दमट, रात्रीसुद्धा सत्तर फॅरनहाइटच्या खाली येईना, आणि एका सकाळी बघतो तर परातीएवढे तपकिरी गोल. ब्राऊन पॅच, बुरशी. उरलंसुरलं जुलैच्या उन्हानं नेलं, कारण मुळं खाली गेलीच नव्हती. चारही घरांचे पैसे परत केले, बायको आठवडाभर त्या एक्सेलचं नाव काढेना.

आमचा हा पट्टा धड थंड नाही, धड गरम नाही. बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच, लावलं तर फ्रॉस्ट पडला की वाळक्या चाऱ्यासारखं होऊन एप्रिलपर्यंत तसंच, फेस्क्यू हिवाळाभर हिरवं पण उन्हाळा कसाबसा काढतं. मुळं एकदा दोन-तीन फूट गेली की मग पोरं फुटबॉल खेळू देत नाहीतर कुत्री लोळू देत, टिकतं. पण झुपक्यानं वाढतं, हरळीसारखं पसरत नाही, त्यामुळे टक्कल पडलं की वरून बी टाकायलाच लागतं, आणि ते सप्टेंबरात, म्हणजे पुढचा उन्हाळा यायच्या आत मुळांना आठ-नऊ महिने मिळतात. २०१६ पासून स्प्रिंगची पेरणी बंद असं सांगून टाकलं. निम्मे कस्टमर गेले, त्यातले बरेच दोन वर्षांनी परत आले.

इथली माती लाल, ओली असली की बुटाला किलोभर चिकटते, वाळली की वीट. एरेटर, म्हणजे घट्ट मातीला भोकं पाडणारं मशीन, चालवायचा तो वाफशावर, हे मात्र कोणाला शिकवावं लागलं नाही. पावसानंतर थांबायचं, मूठभर माती दाबायची, लाडू वळला आणि टिचकीनं फुटला की मशीन बाहेर. अंगठ्याएवढ्या मातीच्या गुंड्या वर येतात, त्या तशाच ठेवायच्या असतात, तरी दरवर्षी एक फोन येतोच की आमच्या अंगणात कोणाच्या कुत्र्यानं घाण केलीय.

बी नव्या पेरणीला हजार स्क्वेअर फुटाला सहा पौंड, नुसतं वरून टाकायचं तर निम्मं. हजार स्क्वेअर फूट म्हणजे जवळजवळ आपला गुंठाच, मी अजून त्यातच हिशोब करतो. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले तर म्हणाली, अरे हे तर घटासारखंच उगवलंय की.

राज्याच्या लॅबमध्ये मातीची टेस्ट एप्रिल ते नोव्हेंबर फुकट असते, तरी लोक अंदाजे चुना टाकतात, का ते मला कळलेलं नाही. आणि दुसरं, ‘अजून बारीक कापा’. साडेतीन इंचाखाली आम्ही उन्हाळ्यात कापत नाही, मग कस्टमर रागावला तरी चालेल.

आता दोन ट्रेलर आहेत, तीन माणसं, एक्सेल जाऊन सॉफ्टवेअर आलं, तेही बायकोच बघते. लोकांच्या फेस्क्यूत घुसलेली हरळी मारायचे आम्ही पैसे घेतो, पण आमच्याच गॅरेजमागं हातभर तुकडा मुद्दाम राखलाय, त्यावर फवारा नाही की काही नाही. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी निम्मी मराठी मंडळी दूर्वा खुडायला तिथं येतात.