डीगचे जलमहाल: कमी खर्चात एका दिवसाची फेरी

राजस्थानातल्या डीगला जायचं ठरवलंत तर आधी वार आणि तिथी बघा. शुक्रवारी महाल बंद असतो. कारंजीही वर्षभर उडत नाहीत, मोजक्या सणा-मेळ्यांनाच सोडतात. त्यातला मोठा मेळा भादव्याच्या अमावस्येच्या सुमारास भरतो. मराठी माणसाची गफलत इथेच होते. उत्तरेत पौर्णिमेनंतर महिना बदलतो, त्यामुळे त्यांची भादव्याची अमावस्या म्हणजे आपला पोळा. सर्वपित्री धरून तिकीट काढलंत, तर मेळा उठून महिना झालेला असेल.

मुंबईहून गोल्डन टेंपल मेल भरतपूरला थांबते. मुक्काम भरतपुरात करावा आणि सकाळच्या बसने निघावं. अंतर साधारण 35 किलोमीटर, भाडं शंभराच्या आत. वाटेत कुम्हेर लागतं. 1754 साली तिथल्या किल्ल्याच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर मारले गेले. वेढा होता डीग-भरतपूरचा राजा सूरजमल जाट याच्याविरुद्ध, आणि 1761 मध्ये पानिपतातून वाचून आलेल्या आपल्या माणसांना आसरा दिला तोही सूरजमलनेच. डीगचं मराठी माणसाशी असं नातं आहे.

महालाचं तिकीट भारतीयांना 25 रुपयांच्या आसपास. आत शिरल्यावर आधी किशन भवनाच्या बाजूला वळा, कारण सगळ्या कारंज्यांची किल्ली तिथे वर आहे: छतावरचा प्रचंड हौद. बैल जोडून चामड्याच्या मोटांनी तो भरत. भरायला आठवडाभर लागे आणि रिकामा व्हायला काही तास. हौदाच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत, प्रत्येक भोकातून नळ निघतो, तोंडाला लाकडी खुंटी. खुंटी काढली की त्या नळावरची कारंजी उडायची. रंगीत पाणी हवं असेल तर नळात रंगाच्या पुरचुंड्या ठेवत. कारंज्यांना पंप नाही, सगळा जोर उंचीचा. म्हणून हौदातली पातळी उतरेल तसे फवारेही खुजे होत जातात. मेळ्याला जाणार असाल तर सुरुवातीलाच हजर राहा.

मग रूपसागराच्या काठचं केशव भवन. ही बारादरी, म्हणजे चहूबाजूंनी कमानींचा खुला मंडप, पावसाळ्याचा आभास व्हावा म्हणून बांधली. सभोवती पाण्याचा पाट आणि कारंजी, वर छतात पाण्याच्या जोराने गडगडणारे दगडी गोळे. खाली बसलेल्यांना ढगांचा गडगडाट ऐकू येई. कारंजी बंद असतानाही इथे वेळ द्या. कोरड्या पाटात कारंज्यांच्या तोट्यांची रांग स्पष्ट दिसते आणि रचना जास्त नीट कळते.

समोरच्या टोकाला, गोपालसागरावर, गोपाल भवन. त्याच्या दोन बाजूंना सावन आणि भादों हे मंडप. पुढ्यातली संगमरवरी झुल्याची चौकट दिल्लीच्या लुटीतली, असं सांगतात.

ऑक्टोबर ते मार्च सोडून गेलात तर ऊन फार लागतं, पाण्याची बाटली आणि डबा बरोबर ठेवा. दोन-अडीच तासांत महाल होतो. उरलेल्या वेळात शेजारचा खंदकवाला किल्ला बघा. 1804 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई इथेच झाली. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र सकाळी उतरल्याबरोबर स्टँडवर विचारून ठेवा.