आजोबांचा रिपोर्ट

चार वर्षांची ती मुलगी खोलीत आली तीच हसत. टेबलावरचं पाणी दिसताच दोन्ही हात फडफडवायला लागली. बोलणं नाही, चाल अडखळती, अधूनमधून फिट्स. मी जेनेटिक काउन्सेलर आहे. अँजेलमन सिंड्रोमची, म्हणजे मेंदूच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या एका दुर्मिळ जनुकीय आजाराची, शंका मला लगेच आली. पण फाइलमधला मेथिलेशन चाचणीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता, आणि त्या एका शब्दावर या घराची दोन वर्षं गेली होती. याचा मला आजही राग येतो. ही चाचणी डीएनएवरच्या रासायनिक खुणा बघते आणि साधारण ८० टक्के मुलांमध्येच आजार पकडते. दोष थेट या आजारामागच्या यूबीई३ए जनुकाच्या अक्षरांत असेल, तर तो तिला दिसतच नाही.

आम्ही ते जनुक वाचून घेतलं. म्युटेशन, म्हणजे अक्षरांतला बिघाड, सापडलं. मग आईत सापडलं, आणि त्या दुपारी आजोबांचाही रिपोर्ट आला. त्यांच्यातही तेच.

“माझ्यात आहे, तर मला काहीच कसं नाही?” आईने विचारलं.

मी कागदावर १५व्या गुणसूत्राची जोडी काढली. हे जनुक युबिक्विटिन लायगेज नावाचं एन्झाइम बनवतं. ते ठरावीक प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण चिकटवतं आणि पेशी ती प्रथिनं मोडीत काढते. मेंदूच्या चेतापेशींत मात्र आईकडून आलेलीच प्रत काम करते, वडिलांकडची गप्प असते. “तुमची बिघडलेली प्रत बाबांकडून आलेली, म्हणून गप्प. मुलीला तीच तुमच्याकडून मिळाली.”

आजोबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. “म्हणजे माझ्याकडून आलं.”

“काका, हे तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण डोळे वर केले नाहीत.

मग मी बाकीच्या भावंडांबद्दल विचारलं. मामाकडे म्युटेशन असलं, तरी त्याच्या मुलांना हा आजार त्याच्याकडून होणार नव्हता. मावशीचं तसं नाही. तिच्यात ते असण्याची शक्यता निम्मी, आणि असलंच तर तिच्या प्रत्येक बाळाला आजाराचा धोका पुन्हा निम्मा.

आईचा चेहरा उतरला. “धाकटीला अकरावा आठवडा चालू आहे.”

वेळ थोडा होता, पण हातात होता. आधी मावशीच्या रक्ताची तपासणी, गरज पडली तरच गर्भाची. मी हे सांगत असतानाच आजोबांनी खिशातून फोन काढला.

“मीच सांगतो तिला,” ते म्हणाले.