आज काका ट्रेनने आले

रात्रीचे साडेदहा वाजलेत, पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, पण हे आजच लिहून ठेवायचंय.

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे एक काका (ओळख पटेल असं काही लिहीत नाही) आज दुपारी वांद्र्याहून दादरला ट्रेनने आले. तीन स्टेशनं फक्त. आल्या आल्या टेबलावर तिकीट ठेवलं, हातातल्या घामाने पार मऊ पडलेलं, आणि म्हणाले, ताई, बघा. मला काही सुचेचना, मी नुसती त्या तिकिटाकडे बघत बसले. ११ जुलै २००६ ला मुंबईत वेस्टर्न लाईनच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, त्यातल्या एका गाडीत काका शेजारच्या डब्यात होते. अंगावर साधा ओरखडा नाही, म्हणून घरचे इतकी वर्षं म्हणत राहिले की तुम्ही वाचलात ना, मग आता काय. तेव्हापासून बसच, कुठेही जायचं तरी दोन-दोन बस बदलत.

दीड वर्ष आमचं काम चाललंय. पहिले काही महिने मी त्या दिवसाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. लोकांना वाटतं ट्रॉमा म्हणजे जुनी आठवण, पण शरीराला ते जुनं वाटतच नाही, ब्रेकचा आवाज आला की ते आत्ताच घडतंय. म्हणून आधी झोप, आधी पाय जमिनीला टेकवून बसणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं, दाराला कडी लावलेली नाही हे स्वतः उठून बघणं. मग नुसतं वांद्र्याच्या पुलावर उभं राहायचं, मग प्लॅटफॉर्मवर बसून गाड्या जाऊ द्यायच्या, मग माहीमपर्यंत. घाई केली की काय होतं ते मी बघितलंय. नवीन होते तेव्हा एका मुलीला पहिल्याच सेशनला सगळं सांगायला लावलं, वाटलं मोकळी होईल, ती परत आलीच नाही. तो सल अजून आहे.

देवनारला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये हे सगळं इंग्रजीतून शिकले, पण ओळखीचं वाटलं ते बाबांमुळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, बाबांना परत कामावर घेतलंच नाही, तरी कित्येक वर्षं ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, अंघोळ करून गॅलरीत बसायचे. आई म्हणायची, त्यांना काही विचारू नकोस, चहा नेऊन दे. मी चहा द्यायचे आणि बाजूला बसून राहायचे, आणि कधीतरी, महिन्या-दोन महिन्यांनी, ते आपणहून साचेखात्याचं, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या विभागाचं, काहीतरी बोलायला लागायचे.

निघताना काकांनी तिकीट परत मागून घेतलं. रिटर्न काढलं होतं. चारला मेसेज आला, पोचलो, आत बसायला मिळालं.